महिलांमधील लघवी सुटण्याचा त्रास : अंगावर वापरावयाची साधने

खोकताना, शिंकताना वा पाण्याची कळशी उचलताना नकळत लघवी सुटते, ही तक्रार महिला रुग्ण क्वचितच आपणहून सांगतात. त्या पाणी पिणे कमी करतात, एस. टी.चा प्रवास टाळतात, लग्नकार्याला जाणे सोडतात. वयोमानाचा भाग म्हणून सोसल्या जाणाऱ्या या त्रासावर उपाय आहेत. त्यांची माहिती येथे देत आहोत.

त्रासाचे मुख्य प्रकार दोन. पोटावर दाब येताच थेंब सुटणे हा पहिला. एकाएकी घाई होऊन शौचालय गाठण्यापूर्वीच लघवी होणे हा दुसरा. कित्येकींना दोन्ही असतात. साधन निवडण्यापूर्वी प्रकार निश्चित करणे व जंतुसंसर्ग नसल्याची खात्री करणे आवश्यक असते.

पेसरी म्हणजे योनीमार्गात बसवावयाचे सिलिकॉनचे कडे. त्यामुळे मूत्रनलिकेस आधार मिळतो. उपयोग पहिल्या प्रकारात. माप डॉक्टरांनीच घ्यावे. पुष्कळ स्त्रिया ते स्वतः काढून, धुऊन पुन्हा बसवू शकतात. रक्तस्राव, दुर्गंधी वा वेदना झाल्यास त्वरित दाखवावे.

शोषक पॅड गळती थांबवीत नाही, केवळ टिपून घेते. मासिक पाळीचे पॅड यासाठी उपयोगी नाही; वेगाने येणारी लघवी ते पुरेशी शोषत नाही. आमच्या भांडारातून काही काळ तीच दिली जात होती. रुग्णांच्या मांड्या सोलवटल्याचे परिचारिकांनी दाखविल्यावर आम्हांस चूक उमगली.

अंथरुणास खिळलेल्या स्त्रियांसाठी बाहेरून ठेवावयाची शोषक नळी मिळते. मंद ओढीने लघवी भांड्यात जमा होते. मूत्राशयात नळी घालावी लागत नाही.

अलीकडची संवेदक उपकरणे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम नीट होतो किंवा नाही, हे मोबाईलवर दर्शवितात. कल्पना मात्र जुनी आहे. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्येच हा व्यायाम व त्याचे मापनयंत्र मांडले होते. एका वेळी किमान ८ आकुंचने, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने, असा क्रम सुचविला जातो.

हिशेबाच्या दृष्टीने पाहता पॅडचा खर्च दरमहा, पेसरीचा दीर्घ काळातून एकदा. व्यायामास खर्च शून्य. तथापि सर्वांत मोठा तोटा मौनाचा आहे. आपल्या घरातील माताभगिनींना तो सोसावा लागू नये, एवढीच विनंती.