ओल एकीकडे, वाट दुसरीकडे

बाळा, घोडेगावात घर बांधलंस, डोळे निवले. चाळीस वर्षं थापी धरलेल्या आजोबाची एक गोष्ट गाठीला बांध: ओल दिसते तिथंच पाणी शिरतं असं नाही. आत चार फुटांवर पोपडे सुटतात, वाट मात्र बाहेर आठ फुटांवर असते.

आपल्याकडं पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. आहुपे, भीमाशंकर, नाणेघाटाच्या अंगाला तर तो आडवाच मारतो. म्हणून जुनी माणसं वळचण लांब सोडत आणि मृगाआधी पश्चिमेच्या कुडाला पेंढ्याच्या ताट्या बांधत. तुझ्या सिमेंटच्या घरालाही आधी तीच बाजू तपास.

पावसात बघ, उन्हात दुरुस्त कर. आर्द्रा-पुनर्वसूत ओलीच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मार, तारीख लिही. झड लागली की ओल रेघेबाहेर सरकते आणि उघडीप मिळाली की मागं हटते, तर पाणी बाहेरचं. बारा महिने ओल हटत नाही, तर आधी नळ तपास. जमिनीपासून गुडघ्याएवढी चढली, तर बहुतेक जोत्याची.

वाट सापडेना तर कोरड्या दिवसांत पाइप घे. पाणी खालून सुरू कर, एकेका जागी अर्धा तास, आणि आत एक माणूस उभा कर. वरून सुरू केलंस तर सगळीच भिंत भिजेल आणि काहीच कळणार नाही.

माझ्याच घराच्या खिडकीवरच्या ओलीला मी तीन वर्षं आतून गिलावा करून थकलो. शेवटी भर पावसात घोंगडी घेऊन बाहेर उभा राहिलो. छज्ज्याच्या कडेवरून थेंब खाली पडत नव्हता. तो कडेला वळून छज्ज्याच्या पोटाला चिकटत होता आणि सरपटत चौकटीच्या माथ्यावर येत होता. छज्ज्याच्या पोटाला, कडेपासून दोन बोटं आत, बोटभर रुंद खाच पाडली. थेंब तिथंच तुटून पडू लागला. भिंत कोरडी झाली.

खिडकीबाहेरच्या फरशीला उतार बाहेर हवा, पॅरापेटच्या माथ्याला गच्चीकडं. पाइपचं भोक बाहेरच्या बाजूला खाली झुकलेलं हवं. नाण्यानं गिलावा वाजव. बद्द वाजला की तो सुटलाय, काढून टाक.

भेग वरवर लिंपू नकोस. छिन्नीनं रुंद कर, धूळ झाड, पाणी मार, मग भर. बीमखालच्या विटेच्या सांध्यावर जाळी ठोकून एकास चारचा गिलावा कर आणि सात दिवस पाणी मार. आतली पुट्टी, रंग सगळ्यात शेवटी, भिंत पुरती वाळल्यावर.

गावचं जुनं घर दगडमातीचं आहे. त्याला बाहेरून सिमेंट थापू नकोस, आतली ओल कोंडते आणि माती सुटते. दरजा चुन्यानं भर.

आणि एक. भिंतीमागं डोंगर असेल आणि जमिनीलाच भेग पडली, गढूळ पाणी फुटलं, तर थापी टाक, पोरंबाळं घेऊन बाहेर पड. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गेलं. घर पुन्हा बांधता येतं.

येत्या मृगात पहिली झड लागली की पश्चिमेच्या भिंतीला आतून उलटा हात लाव. गार लागली, तर तिथं पेन्सिलीची रेघ ओढ आणि मला बोलाव. कोरड्या दिवसांत पाइप आपण दोघं मिळून धरू.