विल्सनचा आजार : मोजमाप कशासाठी?



करप्यावर आपण मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतो. त्या मोरचुदात तांबे असते. तांबे शरीरालाही किंचित लागते; जास्तीचे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. विल्सनच्या आजारात ही वाट जन्मतःच अडलेली असते. तांबे यकृतात, मग मेंदूत व डोळ्यांत साठते. रोग विरळा, सुमारे तीस हजारांत एकाला होणारा. पण आपल्या राज्यातही आहे. बेंगळूरच्या निम्हान्समध्ये तीन दशकांत तपासलेल्या २८२ रुग्णांचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला.

एकाला कावीळ होते, दुसऱ्याचे हात थरथरतात, तिसऱ्याचे अक्षर बिघडते, लाळ गळते. घरचे करणी म्हणतात, गुरुजी आळस म्हणतात, आणि वर्षे वाया जातात.

इतक्या रूपांचा रोग मोजावा कसा? मुंबईच्या डॉक्टरांनी २००९ साली एक मोजपट्टी मांडली. तिच्या पहिल्या पायरीत चार बाबी पाहतात : यकृत, बुद्धी व वागणूक, हालचाल, हाडे व स्नायू. दुसऱ्या पायरीत मज्जासंस्थेची लक्षणे बारकाईने तपासतात.

याचा उपयोग काय? पेनिसिलामाइन किंवा जस्ताचे औषध जन्मभर घ्यावे लागते. सुरुवातीला काहींचा कंप वाढतो. घरचे म्हणतात, औषध मानवत नाही. पुढे बरे वाटले की गोळ्या सुटतात. मनाने औषध सोडले तर यकृत निकामी होऊन जीव जाऊ शकतो. नोंद असली की डॉक्टरांना खरी चाल कळते.

घरी आपण एवढे करावे : दरमहा ठरल्या तारखेला रुग्णाकडून वहीत तेच वाक्य लिहून घ्यावे. बटण लावता येते का, पेल्यातले पाणी सांडते का, बोलणे परक्याला समजते का, हे टिपावे. वही डॉक्टरांना दाखवावी. रक्त-लघवीच्या तपासण्या मात्र चुकवू नयेत.

आईवडील निरोगी दिसले तरी दोघांकडून सदोष बीज आल्यास मूल आजारी होते. प्रत्येक मुलाला चारात एक धोका. मामा-भाची, आते-मामे भावंडांच्या लग्नांत हा संभव वाढतो. म्हणून एक मूल आजारी निघाले की धडधाकट भावंडेही तपासून घ्यावीत. रायापूरहून हुबळी व धारवाड, दोन्हीकडे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये जवळ आहेत. लक्षणांपूर्वी औषध सुरू झाले, तर ते मूल पुढे आपल्यासारखेच शेतात उभे राहू शकते.