स्वयंचलित प्रयोगशाळा : तिचें कार्य व तिच्या मर्यादा

एका वाफ्यास स्फुरद द्यावें, शेजारच्या वाफ्यास देऊं नये, आणि दोहोंचें उत्पन्न वेगवेगळें तोलून पाहावें, हा प्रयोग आमच्या बहुतेक वाचकांनीं केव्हां ना केव्हां केलेला असेल. प्रयोगशाळेंतील कार्य मुळांत याहून वेगळें नाहीं. प्रथम अनुमान बांधावयाचें, तें पारखण्याजोगा प्रयोग करावयाचा, मोजमाप घ्यावयाचें, आणि आलेल्या उत्तरावरून अनुमान सुधारून पुन्हा प्रयोगास लागावयाचें, अशा ह्या चार पायऱ्या आहेत. यांपैकीं नळ्या भरणें, तोलणें, ढवळणें हीं हातकामें यंत्रांकडे जाऊन बरींच वर्षें झालीं. अलीकडे मात्र अनुमान बांधणें व पुढील प्रयोग निवडणें हें कामहि यंत्राकडे सोपविलें जाऊं लागलें आहे. जेथें यंत्रमानवाचे हात व संगणकाची कृत्रिम बुद्धिमत्ता मिळून ह्या चारहि पायऱ्या पार पाडतात, तिला आम्ही येथें स्वयंचलित प्रयोगशाळा म्हणतों. खतें, औषधें व बियाणें यांविषयींच्या शिफारशी पुढेंमागें अशा प्रयोगशाळांच्या आधारानें होण्याचा संभव आहे. म्हणून तिचें सामर्थ्य कशांत आहे व तिच्यावर विश्वास कोठवर ठेवावा, याचा विचार आतांच केलेला बरा.

यीस्टवरील प्रयोग

वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ विद्यापीठांत प्राध्यापक रॉस किंग व त्यांचे सहकारी यांनीं ‘अ‍ॅडॅम’ नांवाचें यंत्र उभारलें. त्याच्या कार्याचा वृत्तान्त सन २००९ मध्यें ‘सायन्स’ ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. प्रयोगाचा विषय होता पाव फुगविणारें यीस्ट. सजीवाच्या पेशींतील रासायनिक क्रिया विकरें घडवून आणतात, आणि विकर तयार करण्याचा आराखडा जनुकांत असतो. यीस्टमध्यें कांहीं विकरांची क्रिया घडते हें ठाऊक होतें, परंतु त्यांचा आराखडा कोणत्या जनुकांत आहे हें निश्चित नव्हतें.

अ‍ॅडॅमनें आपल्यापाशीं साठविलेल्या माहितीवरून अशा १३ विकरांविषयीं २० अनुमानें बांधलीं. ज्यांतून संशयित जनुक काढून टाकलेलें आहे असे यीस्टचे वाण त्यानें शीतपेटींतून घेतले, त्यांस निरनिराळीं पोषकें दिलीं, आणि द्रवाच्या गढूळपणावरून त्यांची वाढ मोजली. एक अन्नद्रव्य वगळून पिकाची वाढ पाहण्याचाच हा प्रकार होय. वाढींत पडलेल्या फरकावरून २० पैकीं १२ अनुमानांस पुष्टि मिळाली. दिवसाला एक हजारांहून अधिक नवे प्रयोग सुरू करण्याची त्या यंत्राची शक्ति होती, आणि प्रत्येक कृतीची नोंद तें आपोआप ठेवीत असे. परंतु येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. यंत्राच्या निष्कर्षांपैकीं कांहीं निष्कर्ष त्या शास्त्रज्ञांनीं निराळ्या पद्धतीनें स्वतःच्या हातांनीं पडताळून पाहिले, आणि मगच हें कार्य जगापुढें मांडलें.

अनेक घटकांचा प्रश्न

नत्र, स्फुरद व पालाश हीं तीन अन्नद्रव्यें प्रत्येकीं पांच प्रमाणांत देऊन पाहावयाचें ठरविलें, तर १२५ वाफे लागतात. तीन घटकांऐवजीं दहा घटक घेतले, तर हीच संख्या ९७,६५,६२५ होते. इतके प्रयोग कोणाच्याहि हातून होणें नाहीं. सर्व वाफे न पेरतां, पहिल्या कांहीं वाफ्यांच्या उत्पन्नावरून पुढचा वाफा कोठें घालावा हें हिशेबानें ठरविणें, हा यावरील उपाय होय. कृत्रिम बुद्धिमत्तेचा खरा उपयोग येथेंच होतो.

इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठांत प्राध्यापक अँड्र्यू कूपर यांच्या मंडळीनें हा उपाय करून दाखविला, आणि सन २०२० मध्यें ‘नेचर’ नियतकालिकांत त्याची हकीकत छापून आली. प्रकाशाच्या साह्यानें पाण्यापासून हायड्रोजन वायु मिळविण्यास मदत करील असें मिश्रण त्यांस हवें होतें, आणि त्यांत दहा गोष्टींचें प्रमाण ठरवावयाचें होतें. चाकांवर चालणारा, एका हाताचा यंत्रमानव माणसांच्या नेहमींच्या प्रयोगशाळेंत, माणसें वापरतात त्याच उपकरणांवर काम करीत होता. त्यानें आठ दिवसांत ६८८ प्रयोग केले, आणि आरंभींच्या मिश्रणाच्या सहापट कार्यक्षम मिश्रण शोधून काढलें. तरीहि कोणते घटक तपासावयाचे हें माणसांनींच निवडून दिलें होतें. तें मिश्रण सरस कां ठरलें, याचें कारण त्या शोधपद्धतीस सांगतां येत नव्हतें. शेत आंखून दिलें तर त्यांतील उत्तम जागा यंत्र लवकर शोधतें. शेत कोठें आंखावें हा प्रश्न मात्र माणसाचाच राहतो.

घाईचा धोका

सन २०२३ मध्यें अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेनें आपल्या स्वयंचलित प्रयोगशाळेचा वृत्तान्त ‘नेचर’मध्यें दिला. तेथें यंत्रें निरनिराळीं चूर्णें मिसळून भट्टींत भाजतात, आणि तयार झालेला पदार्थ क्ष-किरणांनीं तपासतात. ५८ पदार्थ तयार करण्याचें ठरविलें होतें. १७ दिवसांत त्यांपैकीं ४१ सिद्ध झाले, असें जाहीर करण्यांत आलें.

ह्या निर्णयास लवकरच हरकत घेण्यांत आली. प्रिन्स्टनच्या लेस्ली शूप, लंडनचे रॉबर्ट पॅलग्रेव्ह व इतर रसायनशास्त्रज्ञ यांनीं प्रसिद्ध झालेलीं मापनें पुन्हा तपासलीं. क्ष-किरणांच्या नोंदींचा अर्थ यंत्रानें नीट लाविलेला नाहीं, आणि यांत खरोखर नवा असा एकहि पदार्थ सिद्ध होत नाहीं, असें मत त्यांनीं सन २०२४ मध्यें मांडलें. प्रयोगशाळेच्या मंडळीनें आपल्या कार्याचें समर्थन केलें. वादाचा निकाल देण्याचा आमचा अधिकार नाहीं. तथापि ही तपासणी शक्य झाली ती मूळ मापनें खुलीं होतीं म्हणून, हें उघड आहे. केवळ निष्कर्ष छापले असते, तर शंका घेण्यास जागाच उरली नसती. यंत्र चूक करतें तेव्हां तीहि माणसापेक्षां अधिक वेगानें करतें. म्हणून पडताळणीची गरज यंत्रामुळें कमी न होतां वाढते.

शेतकऱ्यानें काय ध्यानांत घ्यावें

पहिली गोष्ट काळाची. यीस्ट कांहीं दिवसांत वाढतें, परंतु ज्वारीस हंगाम लागतो आणि आंब्याच्या कलमास वर्षें लागतात. इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें गव्हास द्यावयाच्या खतांचा प्रयोग सन १८४३ पासून चालू आहे. जमिनीचा कस कसा बदलतो हें पाहण्यास दुसरा जवळचा मार्ग नाहीं. म्हणून प्रयोगशाळेंत आठ दिवसांत लागलेला शोध आपल्या शेतांतहि आठ दिवसांत सिद्ध झाला, असें समजूं नये.

दुसरी गोष्ट नमुन्याची. यंत्र कितीहि अचूक असलें, तरी त्याच्या पुढें ठेवलेल्या मातीचेंच उत्तर तें देतें. बांधाजवळची, झाडाखालची, खताच्या ढिगाशेजारची किंवा नुकतेंच खत दिलेल्या जागेची माती नमुन्यांत घालूं नये. सारख्या जमिनीच्या तुकड्यांत आठ-दहा ठिकाणीं सुमारें १५ सेंटिमीटर खोल खड्डे घ्यावे, प्रत्येकाच्या कडेची वरपासून तळापर्यंतची माती खरवडून एकत्र करावी, ढिगाचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकून द्यावे, आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत हीच कृति पुन्हा करावी. येथें आळस केला, तर जगांतील कोणतीहि बुद्धि, नैसर्गिक असो वा कृत्रिम, तो भरून काढूं शकत नाहीं.

तिसरी गोष्ट विचारण्याच्या हक्काची. “यंत्रानें सांगितलें” एवढ्यावर कोणतीहि शिफारस स्वीकारूं नये. मोजमाप कशाचें घेतलें, प्रयोग कोणत्या जमिनींत व किती हंगाम केला, आणि तो दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणें पडताळला काय, हे तीन प्रश्न विचारावे. उत्तरें समाधानकारक मिळालीं, तरी प्रथम एका वाफ्यांत शिफारशीप्रमाणें करावें, शेजारचा वाफा नेहमींच्या पद्धतीनें ठेवावा, आणि दोहोंचें उत्पन्न तोलून वहींत लिहून ठेवावें. अ‍ॅडॅमच्या शास्त्रज्ञांनीं शेवटीं केलें तें हेंच, आणि तेवढें करण्याची साधनें प्रत्येक शेतकऱ्यापाशीं आजहि आहेत.