योजना शोधायची कुठून? खसऱ्यापासून



आपल्या इंदूरच्या शाळेतील बऱ्याच घरांची थोडीफार शेती सांवेर, देपालपूर किंवा देवासकडे आहे. सुट्टीहून आलेली मुले सांगतात, "आजोबा म्हणतात सरकारी योजना खूप आहेत, पण हाती काही लागत नाही." आमचा अनुभव असा की पुष्कळदा अडचण योजनेत नसते, घरातल्या कागदात असते.

महाराष्ट्रातले नातेवाईक तलाठी, सातबारा आणि फेरफार म्हणतात. मध्य प्रदेशात शब्द वेगळे आहेत: पटवारी, खसरा आणि बी-१, नामांतरण. तेव्हा आधी खसऱ्याची ताजी नक्कल काढा आणि जमीन कोणाच्या नावावर आहे ते वाचा. आजोबांना जाऊन दहा वर्षे झाली तरी नाव त्यांचेच, असे अनेक घरांत निघते. मग आधी फौती नामांतरण करून घ्यावे लागते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पी.एम. किसान योजनेत वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत खात्यावर येतात, पण १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन ज्याच्या नावावर होती त्यालाच. त्यानंतर नावावर झालेल्या जमिनीपैकी वारसाने आलेलीच धरतात. भाऊबंदांचे भांडण मिटेपर्यंत हप्ते कोणासाठी थांबत नाहीत, हेही मोठ्या माणसांनी ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट, शेतीचे सगळे एका ऑफिसात होत नाही. धान्य, बियाणे आणि मातीचे काम कृषी विभागाकडे. गावपातळीवर त्याचा ग्रामीण कृषी विस्तार अधिकारी असतो. फळझाडे, भाजीपाला, लसूण हे उद्यानिकी विभागाचे. ट्रॅक्टरमागची यंत्रे कृषी अभियांत्रिकीकडे. कोणत्या दारात जावे हेच कळत नसेल तर कस्तूरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे, किंवा किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर फोन करावा. फोन मोफत आहे, हिंदीत बोलता येते.

आमची स्वतःची चूक सांगतो. घरच्या शेतावर ठिबक बसवायचे ठरले. केंद्राच्या नियमाने लहान शेतकऱ्याला, म्हणजे २ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला, ठरलेल्या खर्चाच्या ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान, हे आम्ही वाचले होते. उत्साहाच्या भरात आधी पाइप विकत घेतले, मग अर्ज केला. मंजुरीपूर्वीच्या खरेदीला पैसे मिळाले नाहीत. बिल अजून कपाटात आहे.

पाणी अडवण्याच्या बाबतीत आपल्याला दूर जायला नको. १९९० मध्ये शेजारच्या देवासला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. बोअर खोल खोल जात होते. २००६ मध्ये तिथले जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना आपल्याच जमिनीच्या एका भागात तळे खोदायला लावले. सुरुवातीला बऱ्याच जणांनी स्वतःचे पैसे घातले, कारण तशी योजनाच नव्हती. ती २००७ मध्ये 'बलराम तालाब' नावाने राज्याने आणली. आधी तळी, मग योजना! अशा कामाला यंदा निधी आहे का, हे पेरणीपूर्वीच विचारावे. पाऊस सुरू झाल्यावर काळ्या जमिनीत खोदकाम होत नाही.

आता मुलांसाठी काम. मृदा आरोग्य कार्डाची योजना २०१५ पासून आहे. त्यासाठी मातीचा नमुना तुम्हीच काढू शकता. उन्हाळ्यात, शेत रिकामे असताना, आठ-दहा जागी इंग्रजी व्ही अक्षरासारखा १५ सेंटीमीटर खोल खड्डा करा आणि त्याच्या बाजूची माती खरवडून घ्या. बांध, झाडाची सावली आणि उकिरडा सोडून द्या. सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेली पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत असेच करा. सावलीत वाळवून स्वच्छ कापडी पिशवीत भरा. खताच्या रिकाम्या गोणीत मात्र नको, तपासणी चुकेल. आत चिठ्ठी घाला: शेतकऱ्याचे नाव, गाव, मागचे पीक, पुढचे पीक, तारीख आणि खसरा क्रमांक. तो क्रमांक आजोबांना तोंडपाठ असला तरी कागदावरून पाहूनच लिहा.