चूक कळते कशी?

लेजरमध्ये 540 ऐवजी 450 लिहिले की पुष्कळदा पेन उचलण्याआधीच मन चरकते. 1990 च्या सुमारास जर्मनी व अमेरिकेतील संशोधकांना याचे मूळ दिसले. चुकीचे बटण दाबल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच मेंदूच्या पुढील मध्यभागातून ऋण विद्युतलहर उठते. नवल असे की, माणसाच्या ध्यानी न आलेल्या चुकीनंतरही ती उठते, हे 2001 च्या एका प्रयोगात आढळले. चूक उमगली तरच मागाहून धन लहर ठळक होते. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, मेंदूने चूक टिपणे वेगळे आणि आपल्याला ती उमगणे वेगळे. फरकाला नऊने भाग गेला तर अंक उलटले असावेत, हा आम्हा कारकुनांचा जुना ठोकताळा. तरीही एकदा असेच 90 रुपये शोधताना, आपले बरोबरच आहे या खात्रीने, मी रात्री आठपर्यंत सहकाऱ्याचेच लेजर तपासत बसलो होतो.