बदली फौजीची, नंबर गाडीचा

आपल्या होस्टेलमध्ये सातारा, सांगली, कोल्हापूरकडची जी मुलं आहेत, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरातलं कुणी ना कुणी सैन्यात असतंच. वडील, काका, नाहीतर मोठा भाऊ. दर दोन-तीन वर्षांनी बदलीची ऑर्डर येते. ट्रंका भरल्या जातात, मुलांचं नाव एका केंद्रीय विद्यालयातून दुसऱ्यात जातं, गॅसचं कनेक्शन बदलतं. पण दारातल्या गाडीचं काय? ती रेल्वेने किंवा ट्रकने नव्या गावी पोचते, आणि तिच्या नंबराची आठवण मात्र पोलिसाने हात दाखवल्यावरच होते. म्हणून हा विषय एकदा नीट समजून घेऊ.

गाडी राज्याची का असते?

मोटार वाहन कायदा १९८८ हा केंद्राचा, म्हणजे सगळ्या देशाला एकच. पण वाहनांवरचा कर हा घटनेच्या राज्यसूचीतला विषय आहे (नोंद ५७). त्यामुळे प्रत्येक राज्याचा दर वेगळा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि बहुतेक राज्यं तेवढ्या वर्षांचा कर सुरुवातीलाच एकरकमी घेतात. मग गाडी दुसऱ्या राज्यात राहायला गेली की तिथलं सरकार म्हणतं, "रस्ता आमचा, कर आम्हाला द्या." सगळी भानगड इथूनच सुरू होते.

सैन्याची गाडी आणि सैनिकाची गाडी

या दोन गोष्टींत हमखास गल्लत होते. नंबरप्लेटवर वर तोंड केलेला बाण असतो ती सैन्याची गाडी. कलम ६० प्रमाणे तिची नोंदणी वेगळी होते, तिला आर.टी.ओ.कडे जावं लागत नाही. पण जवानाने स्वतःच्या पैशाने घेतलेली मोटरसायकल ही तुमच्या-आमच्यासारखीच साधी खासगी गाडी. लायसन्सचंही तसंच. कलम १८ खाली मिळालेल्या लष्करी लायसन्सवर फक्त लष्कराची वाहनं चालवता येतात. दहा वर्षं डोंगरात ट्रक चालवलेल्या ड्रायव्हरलाही सुट्टीत घरची स्कूटर चालवायला नागरी लायसन्स लागतंच!

बदली कुठे झाली, त्यावर नियम

१) त्याच राज्यात दुसरा जिल्हा: उदा. साताऱ्याहून पुणे. नंबर बदलत नाही, एमएच-११ तसाच राहतो. फक्त ३० दिवसांत फॉर्म ३३ भरून पत्ता बदलाची नोंद करायची (कलम ४९).

२) दुसरं राज्य, १२ महिन्यांपर्यंत: जुना नंबर चालतो. गाडी कधी आली याचा पुरावा मात्र जवळ ठेवा. रेल्वेची पावती, ट्रान्सपोर्टची बिल्टी, बदलीच्या ऑर्डरची प्रत, यांतलं काहीही.

३) दुसरं राज्य, १२ महिन्यांहून जास्त: कलम ४७ प्रमाणे नवीन नंबर घ्यावा लागतो.

ना-हरकत दाखला : निघतानाच घ्या

तिसऱ्या प्रकारात जुन्या आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला, म्हणजे आपली एन.ओ.सी., लागते. त्यासाठी फॉर्म २८ भरायचा. सोबत आर.सी., चालू विमा, पी.यू.सी. आणि कर भरल्याचा पुरावा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती हवी. चलन थकलेली असतील तर आधी मिटवा. अर्जावर ३० दिवसांत निर्णय कळवण्याचं बंधन कलम ४८ ने घातलं आहे; काहीच कळवलं नाही तर दाखला दिला असं धरलं जातं. म्हणून अर्जाची पोच जपून ठेवावी. नव्या राज्यात फॉर्म २७ भरायचा, तिथला उरलेल्या वर्षांचा कर भरायचा आणि नवीन आर.सी. दाखवून जुन्या राज्याकडे उरलेल्या कराचा परतावा मागायचा. हा परतावा आपोआप येत नाही, मागावा लागतो. धावपळीत अनेक जण तो सोडून देतात आणि एकाच गाडीचा कर दोनदा भरून बसतात.

खरी अडचण पुढेच आहे. जवान फील्ड पोस्टिंगला जातो, कुटुंब मागे राहतं. गाडी त्याच्या नावावर, अर्जावर सही त्याची, आणि ओटीपी येतो तो त्याच्या मोबाईलवर. तो असतो बर्फातल्या चौकीवर, जिथे रेंजच नाही! मग वहिनी नाहीतर आई आर.टी.ओ.च्या चकरा मारत बसते. तेव्हा जाण्याआधीच अर्ज करून टाकावा, आणि नोंदणीतला मोबाईल नंबर घरी चालू असणारा आहे ना, हे बघून घ्यावं.

बी.एच. मालिका

यावर उपाय म्हणून केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये अधिसूचना काढली आणि १५ सप्टेंबर २०२१ पासून 'भारत' मालिका सुरू झाली. नंबर असा दिसतो: २१ बीएच १२३४ एए. पहिले दोन आकडे नोंदणीच्या वर्षाचे. राज्य बदललं तरी नंबर तोच. संरक्षण दलातले कर्मचारी, केंद्र-राज्य सरकारचे व सार्वजनिक उपक्रमांचे नोकर, तसंच चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी ही मालिका घेऊ शकतात. डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीने जुनी नोंदलेली गाडीही बी.एच. मध्ये नेता येते.

कराचा दर असा: गाडीची किंमत १० लाखांच्या आत ८ टक्के, १० ते २० लाख १० टक्के, त्यापुढे १२ टक्के. डिझेलला २ टक्के जास्त, विजेच्या गाडीला २ टक्के कमी. हा कर १५ वर्षांचा एकदम न घेता दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांनी घेतात. हप्ता चुकला तर दंड दिवसागणिक वाढतो. शिवाय गाडी पात्र नोकरदाराच्याच नावावर हवी, गृहिणीच्या नावावर चालत नाही. थोडक्यात, बदल्या खूप असतील तर बी.एच. फायद्याची, निवृत्ती दोन वर्षांवर असेल आणि नंतर गावीच राहायचं असेल तर साधा एमएच नंबर बरा.

लायसन्स, विमा, पी.यू.सी.

नागरी लायसन्स कलम १३ प्रमाणे भारतभर चालतं, बदलीमुळे नवीन काढायची गरज नाही. मुदत मात्र तपासा. संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते. विमा आणि पी.यू.सी. सुद्धा देशभर चालतात, पण नंबर बदलला की विमा कंपनीला लगेच कळवून पॉलिसीत दुरुस्ती करून घ्या. नाहीतर अपघातानंतर पॉलिसीवर एक नंबर आणि गाडीवर दुसरा, आणि क्लेमसाठी हेलपाटे! कागद सोबत नसतील तर डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली प्रत ग्राह्य धरतात. साधा फोटो नव्हे.

आणि आपण होस्टेलवाले?

वडिलांची पोस्टिंग जबलपूरला असताना घेतलेली एम.पी. नंबरची बाईक तुम्ही इथे आणून चार वर्षं इंजिनिअरिंग करणार असाल, तर १२ महिन्यांचा नियम तुम्हालाही लागू आहे. "गाडी पप्पांच्या नावावर आहे" हे उत्तर चालत नाही. गाडी कुठे ठेवलेली आहे हे बघतात.

येत्या सुट्टीत घरी गेलात की आर.सी. काढा आणि चार गोष्टी बघा: मालकाचं नाव, पत्ता, मोबाईल नंबर आणि विम्याची तारीख. वडील सीमेवर असतील तर हे काम तुमचंच. त्यांची सुट्टी महिना-दोन महिन्यांची असते, ती आर.टी.ओ.च्या रांगेत जायला नको.