रग्बी : परतलेला खेळाडू

रग्बीचे दोन पंथ आहेत, हे मला फार उशिरा कळले. १८९५ साली इंग्लंडच्या उत्तरेकडील क्लबांनी, खेळापायी बुडणाऱ्या मजुरीची भरपाई मागत, वेगळी चूल मांडली. तीच पुढे रग्बी लीग झाली. मूळच्या युनियनने पैशाचा विटाळ थेट १९९५ पर्यंत पाळला! तोवर लीग खेळलेल्याला युनियनचे दार जन्माचे बंद असे.

म्हणूनच ऑस्ट्रेलियाच्या जोसेफ-औकुसो सुआलीचे उदाहरण मला अभ्यासण्याजोगे वाटते. शाळेत युनियन खेळलेला हा मुलगा २०२१ मध्ये, १७ व्या वर्षी, खास परवानगीने लीगमध्ये उतरला. तिथे खेळाडू १३. सहा वेळा पकडले गेले की चेंडू प्रतिपक्षाचा. युनियनमध्ये खेळाडू १५, आणि पकडलेला गडी खाली पडला की चेंडूसाठी खरी झोंबाझोंबी सुरू! तिची सवय त्याला उरली नसेल, अशी माझी अटकळ होती. तो पैशासाठी परतला, असेही बोलले गेले. (मजुरीवरूनच फुटलेल्या खेळात याचे नवल ते काय?)

९ नोव्हेंबर २०२४ रोजी, ट्विकनहॅमला, तो व्यावसायिक युनियनमधला आपला पहिलाच सामना खेळला, तोही देशाकडून. ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला ४२-३७ असे हरवले, सामनावीर सुआली. माझी अटकळ चुकली. उंच चेंडूवर त्याने घेतलेली झेप तर लीगच्या मैदानावरच कमावलेली होती.